कण्हेरीची छाटणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही.

मी मूळचा नाशिकचा. सिल्वासाजवळ सायली गावात एका कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो. बागही माझ्याकडेच. कुंपणाच्या भिंतीला आतून कण्हेर लावायची कल्पना माझी – पाणी कमी लागतं, ऊन सोसते, जवळजवळ बारा महिने फुलते. लावली मात्र रोहिदासनं. रोहिदास आमचा माळी, नंदुरबारकडचा. त्यानं वीत-वीत लांबीच्या जून काड्या वाळूत खोचल्या, मुळं फुटल्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी जमिनीत लावल्या. तिसऱ्या वर्षी भिंत गुलाबी-पांढऱ्या फुलांनी झाकली. पॅकिंगमधल्या बायका देवाला फुलं न्यायच्या. बहर ओसरला की तो छाटणी करायचा, नव्या फुटीलाच फूल येतं म्हणून. हातमोजे घालून, कण्हेरीचा चीक विषारी म्हणून. छाटलेलं जाळायचा नाही, धूरही वाईट. खड्डा करून पुरायचा.

बघा, अजून लागवडच सांगतोय.

त्या दिवशी छाटणीचा ढीग फाटकाच्या वाटेवर पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या ऑफिसातून पाहुणे येणार होते. खड्डा खणून सगळं पुरायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली असती. मी म्हणालो, भिंतीपलीकडे टाक.

"साहेब, वाळेल पान बी ढोरले मारस," तो त्याच्या अहिराणीत बोलून गेला. मग मला समजावं म्हणून म्हणाला, "ओलं कडू लागतं, ढोर सोडून देतं. सुकल्यावर खातं नि मरतं."

"उद्या संध्याकाळी उचलू. आत्ता टाक."

त्यानं टाकलं. पाहुणे आले, गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उचलायचं मी विसरलो – की आठवूनही राहू दिलं? रोहिदासनं एकदा विचारलं होतं, हे पक्कं आठवतं. मी फोनवर होतो. हातानंच थांब म्हणालो.

चौथ्या दिवशी मागच्या पाड्यावरची जमनाबेन फाटकाशी आली. तिची गाभण गाय मेली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. अर्धवट सुकलेल्या फांद्या वॉचमनच्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "ये किसने फेंका?"

मॅनेजरनं आम्हा दोघांना बोलावलं. बाहेर टाकायला कोणी सांगितलं, एवढंच त्यांनी विचारलं. रोहिदासनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मी तर पुरायला सांगितलं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मॅनेजरना म्हणाला, "चुकलं साहेब माझं."

घाबरून बोललो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. रोहिदासचा धाकटा भाऊ शांताराम माझ्याच विभागात होता, कायम व्हायचा होता, आणि त्याच्या कागदावर सही माझी लागणार होती. रोहिदास बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. तोंड उघडण्यापूर्वी हा हिशोब माझ्या डोक्यात झालेला होता – किती वेळ लागतो अशा हिशोबाला?

त्याच दिवशी त्याला काढलं. मोठी कात्री पुसून माझ्या टेबलावर ठेवून तो गेला. पुन्हा भेटला नाही. जमनाबेनला भरपाई मिळाली. मी तिच्यासमोर कधी गेलो नाही.

आता शेवटचं. हे त्याहून वाईट आहे.

दरवर्षी सुरक्षा सप्ताहात नव्या माणसांपुढे मी बोलतो. कण्हेर कशी हाताळायची ते सांगतो – ओली कडू लागते म्हणून ढोर सोडतं, सुकल्यावर खातं. सगळे शब्द त्याचे. पुढे सांगतो की आपल्याकडच्या एका माळ्यानं सूचना पाळली नाही आणि गाय मेली. शांताराम कायम झालाय, तोही समोर खाली मान घालून बसलेला असतो. कोणीतरी विचारतं, कोण होता तो माळी?

मी नाव सांगतो.