रेघोट्यांचं गाव

आकडेमोडीची फुकटची भाषा म्हणे! संगणकावर कोणीही उतरवून घ्या, पैसा लागत नाही. मला तर तेव्हाच संशय आला. ना बटण, ना चित्र. काळा पडदा उघडायचा, आपणच हुकूम लिहायचा आणि एंटर मारायचं. एखादा कंस राहिला की इंग्रजीत खेकसते. काम बरोबर झालं तर मात्र ढिम्म. असले नमुने मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत.

ती माझ्या गळ्यात मारली अमरावतीत शिकणाऱ्या भाचीनं. मी अकोल्याला, जठारपेठेतल्या एका खासगी प्रयोगशाळेत विहिरींच्या पाण्याच्या नोंदी लिहितो. तेल्हाऱ्याकडच्या विहिरींमधलं नायट्रेट तपासून झालं होतं. ते जिभेला कळत नाही, पण तान्ह्या लेकरांना भोवतं. आता कोणत्या गावाचं पाणी चालेल याची यादी हवी होती. माझी वही टायपिंगवाल्या बाईंनी जशीच्या तशी संगणकात उतरवली होती.

"मामा, एका ओळीत काम होते," भाची फोनवर म्हणाली. "फक्त आधी फाईलच्या पयल्या दहा ओळी डोळ्यानं पाहून घेजा."

पाहून घेजा! वही माझी, अक्षर माझं, आणि ही कालची पोरगी मला शिकवणार! मी काही पाहिलं नाही. प्रत्येक गावाचा सगळ्यात जास्त आकडा मागितला आणि एंटर मारलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी हजर. खोटं कशाला बोलू, छाती फुगलीच.

यादीत सगळ्यात वर, सगळ्यात वाईट पाण्याचं जे गाव आलं, त्याचं नाव होतं दोन उभ्या रेघोट्या. घ्या! फुकटच्या मालानं कचरा टाकलाच. ती ओळ मी उडवली, खाली सही ठोकली आणि यादी गावोगावी लावायला दिली.

पंधरा दिवसांनी बहिणीचा, म्हणजे भाचीच्या आईचा, तेल्हाऱ्याजवळच्या गावाहून फोन आला. खुशीत होती.

"दादा, तुही सही पाह्यली न् पाण्याची विकतची कॅन बंदच केली. तान्ह्या नातीचं डब्यातलं दूधबी आता आंगणातल्या विहिरीच्या पाण्यातच कालवून राहिलो."

आंगणातली विहीर. तिच्या पाण्याची बाटली तर तपासायला मीच आणली होती. फोन कानाला तसाच ठेवून वही उघडली. वरच्या ओळीत मारुतीच्या पाराजवळची विहीर, गावाचं नाव लिहिलेलं, पाणी चांगलं. खाली बहिणीची विहीर, आकडा भयंकर, आणि गावाच्या रकान्यात माझ्याच हातच्या दोन रेघोट्या. म्हणजे वरीलप्रमाणे. उभ्या नोकरीत एका गावाचं नाव दुसऱ्यांदा लिहायचे कष्ट मी कधी घेतले नव्हते. प्रत्येक गावाची पहिली विहीर तेवढी यादीत राहिली होती. बाकी सगळ्या त्या रेघोट्यांच्या गावात गेल्या होत्या, आणि ते गाव मी उडवलं होतं.

"पाजू नको!" मी ओरडलो. "आधी तिले डॉक्टरकडे ने!"

"काहून?" ती हसलीच. "तूच तं चांगलं लिहेल हाय नं, दादा."