आईचे माहेरचे नाव
छापखान्याच्या ओल्या शाईचा वास आला की पारनेर तालुक्यातली आमची ओसरी आठवते. चलेजावच्या दिवसांत मी सरकारविरुद्ध पत्रक लिहिले आणि खाली टोपणनाव म्हणून आईचे माहेरचे नाव घातले. लग्नात ते बदलले होते, त्यामुळे गावात कुणाला ठाऊक नव्हते. वडील त्याच सरकारचे पोलीसपाटील. फौजदाराने आमच्या ओसरीवर येऊन पत्रक त्यांच्यापुढे धरले. "पाटील, ही तिखट बाई कोण?" खरे सांगितले तर मला तुरुंग, खोटे उघडे पडले तर त्यांची पाटीलकी जाणार. आत आईचे जाते थांबले. वडिलांनी सावकाश वाचले आणि म्हणाले, "ह्या नावाची बाई आमच्या गावात न्हाई, सायेब." फौजदाराचा घोडा दिसेनासा झाल्यावर त्यांनी आईला त्या नावाने हाक मारून पाणी मागितले, तशी हाक मी प्रथमच ऐकली. मी आजही त्याच नावाने लिहितो.