अंगणातली माती आणि साखरपुडा

समस्त गल्लीकरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या मेहुण्याच्या नव्या अंगणातील तिसरा हिस्सा यापुढे मातीचाच राहणार असून, या दुःखद प्रसंगी भेटावयास येणाऱ्यांनी कृपया हसू नये.

ही सूचना मी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून खणखणीत आवाजात दिली, तेव्हा मेहुणा चप्पल घेऊन माझ्यामागं धावला.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. नळदुर्ग-उमरगा रस्त्यावरच्या आमच्या गावात त्याचं कापडाचं दुकान आहे, आणि तो नगरपरिषदेवर निवडून आलाय. तिथं ठराव एकानं मांडायचा आणि दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, अशी रीत. अनुमोदकाचं नाव कागदावर येतं, म्हणून हा दिसेल त्या ठरावाला अनुमोदन देतो. ठराव कशाचा होता, हे मागाहून विचारतो.

दर पावसाळ्यात आमच्या ओढ्याकाठच्या घरांत पाणी शिरतं. वरच्या वस्तीत जो तो अंगणभर फरशी ठोकतो, मग पाणी मुरणार कुठं? म्हणून बांधकामाचे जुने नियम बदलायचं ठरलं. ओढ्याला लागून बांधायचं नाही, नव्या घराच्या अंगणाचा तिसरा हिस्सा उघडी माती, आणि छताचं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं. मेहुण्याचा हात वर गेला. "अनुमोदन!"

घरी आला तर दारात शहाबादी फरशीचा ट्रक उतरत होता. नवं घर त्याचंच. आणि पुढच्या आठवड्यात, भर श्रावणात, त्याच अंगणात लेकीचा साखरपुडा!

"दाजी, लई घात झाला," तो मला म्हणाला. "माकणीचे पाव्हणे चिखलात बसवू का? सोयरीक मोडंल की."

"मग ठोक सगळीकडं फरशी."

"कशी ठोकू? अनुमोदन माझंच हाय. आख्खं गाव तोंडात शेण घालंल."

"निवडून यायच्या आधी विचार करायचा व्हता," माझी बायको आतून म्हणाली.

"अक्का, तू गप बस!"

लेक मात्र काकुळतीला आली होती. "पप्पा, मला मुलगा आवडलाय. फरशीपायी घोळ घालू नका."

शेवटी नियमाप्रमाणे शोषखड्डा खणला. तळाला दगडगोटे, वर खडी, त्यावर वाळू. छतावरून पाइप आणून त्यात सोडला. मी सावलीत खुर्ची टाकून सूचना देण्याचं अवघड काम सांभाळलं. उघड्या मातीत हरळी लावली आणि उरलेल्या फरशा भिंतीकडेला रचल्या.

साखरपुड्याच्या सकाळी पाऊस असा कोसळला की समोरच्या फरशीबंद अंगणांतून पाणी लोंढ्यानं गल्लीत उतरलं. पाहुण्यांची जीप त्यातून होडीसारखी आली. मेहुण्याच्या अंगणात मात्र खड्डा हुक्क्यासारखा गुडगुडत होता. पाऊस ओसरून पाहुणे आत येईपर्यंत त्यानं सगळं पाणी पिऊन टाकलं. मंडळी खुर्च्यांवर बसली, उरलेली रचलेल्या फरशांवर.

पण मुलाचे वडील खुर्चीवर बसेनात. धोतर वर खोचून ते खड्ड्यापाशी उकिडवे बसले. दोन्ही भावांना हाक मारली. तिघांची कुजबुज सुरू झाली. चहा निवला. मेकअपची पर्वा न करता लेक खिडकीच्या गजाला गाल लावून बघत होती.

"मोडली बगा दाजी, मोडली," मेहुणा घाम पुसत म्हणाला आणि हात जोडून पुढं झाला. "पाव्हणं, काय चुकलं आसंल तर पोटात घाला. नियमच हाय, म्हणून माती ठिवावी लागली."

मुलाच्या वडिलांनी मान वर केली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आवो, पोरगी आमची झालीच, ते ऱ्हाऊ द्या! आमच्या आटल्या बोअरपाशी आसला खड्डा कवा खांदून देता, ते बोला आदी!"