वायरीला लाल नेलपॉलिश

घराघरांत इंटरनेटची वायर भिंतीतून ओढून द्यायची, हा माझा आणि दिन्याचा धंदा. एका भोकातून वायर आत जाते आणि दुसऱ्या भोकातून किस्सा बाहेर येतो! पनवेलात लोक प्लंबरला घरात एकटं सोडून बाजारात जातात. आमच्यावर मात्र पहारा. भिंतीच्या आत काय गेलं, ते कुणाला दिसत नाही ना!

*

खारघरच्या एका टॉवरमधलं आमचं पहिलंच काम. काकूंना भाजी आणायला जायचं होतं. त्यांनी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल फ्रिजला टेकवून ठेवला आणि गेल्या. आम्ही त्या बहिणीसमोर भिंत फोडत बसलो. ती एक शब्द बोलली नाही. निघताना मी मोबाइललाच नमस्कार केला, तर आतून आवाज आला, "सोफ्याखाली झाडायचं राहिलंय!"

काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर कौतुक केलं आणि त्या टॉवरमध्ये कामांची रांग लागली. आता आमचं पोट त्या ग्रुपवर चालतं. तिथे एकाने जरी शंका काढली, की आम्ही गाशा गुंडाळायचा.

*

ओवे गावात दोन सख्ख्या भावांचा बंगला. खाली थोरला, वर धाकटा, बोलणं बंद. थोरल्याने मला कोपऱ्यात घेतलं.

"यो नेट छतातून वर नाय ना जानार?"

पासवर्ड असतो, म्हटलं.

"तो तुमाला म्हायती हाय ना? मंग झाला तं!"

मला राग आला. पुढे धाकट्यानेही काम दिलं. त्याने जिन्यातच विचारलं, "खालचा पासवर्ड काय हाय?"

*

पाइपात इतरांच्याही वायरी असतात. आपली ओळखू यावी म्हणून दिन्या प्रत्येक वायरीच्या टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. एकदा कोन गावातल्या आपल्या घरी गेला, तर बायकोने अंगठ्यावरचा लाल डाग पाहिला.

"कोनाचा हाय यो?"

शपथा घेऊन दमला बिचारा. शेवटी मला फोन लावून दिला. मी म्हटलं, "वहिनी, ती बाटली आमची दोघांची आहे."

वहिनींनी लगेच विचारलं, "दोगांची?"

*

मध्यंतरी खारघरच्या त्याच टॉवरमधून बोलावणं आलं. तिथले अण्णा, रिटायर्ड माणूस, म्हणत होते की आमच्या वायरीतून कुणीतरी त्यांचं बोलणं ऐकतंय.

"मी खोलीत एकटा पुटपुटतो, आणि जेवताना सूनबाई तेच बोलते!"

मुलगा वैतागलेला. "यांना एकदा उघडून दाखवाच. नाहीतर उद्या डॉक्टरकडे नेतो."

अण्णा मोबाइलवर सोसायटीचा ग्रुप उघडून, बोट तयार ठेवून बसलेले.

"अण्णा, या खोलीत आम्ही दोनच वायरी आणल्यात. एक टीव्हीची, एक कॉम्प्युटरची. स्वतः बघा."

दिन्याने बोर्ड उघडला. आत तीन वायरी होत्या.

"ती आमची नाय!" दिन्या ओरडला.

मी बॅटरी मारली. तिन्ही टोकांना लाल नेलपॉलिश होतं.

मी दिन्याकडे पाहिलं. तो आधीपासूनच माझ्याकडे बघत होता.