ओंजळभर पेंड

राहुरीच्या रस्त्याला तो गायींचं खाद्य मिसळून द्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दर शनिवारी सकाळच्या शाळेआधी मी त्याच्याकडे जायचो. "गाभण का दुभती?" एवढंच तो विचारायचा आणि मग मक्याचा भरडा, सरकीची पेंड, गव्हाचा भुसा आणि मीठ ताडपत्रीवर ओतून फावड्यानं खालीवर करत राहायचा.

पण पेंडीची नवी गोणी फोडली की आधी ओंजळभर पेंड दाराशी बांधलेल्या म्हाताऱ्या, भाकड गायीपुढे धरायचा. तिनं तोंड लावलं तरच तो ती पेंड वापरायचा. तिनं मान फिरवली की गोणी बाजूला.

"करोनात बायको गेली, अन् माझं नाक बी," त्यानं एकदा सांगितलं. "बुरशी लागलेली पेंड मला वळखू येत न्हाई. हिला कळतं."

गेल्या शनिवारी खुंट्याला नुसतं दावं होतं.

"परवा गेली," तो म्हणाला.

त्यानं नवी गोणी फोडली, ओंजळ भरली, सवयीनं दाराकडे दोन पावलं गेला आणि थांबला. मग ओंजळ माझ्यापुढे धरली.

"तुमीच बघा, मास्तर."

शाळेची घंटा व्हायला आली होती. मी वरवर हुंगलं आणि म्हणालो, "चांगली आहे की."

त्यानं ओंजळ मागे घेतली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"तिला खोटं बोलाया येत न्हवतं," तो म्हणाला.

मी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा त्याच्या ओंजळीवर वाकलो.