चढावर झूल नको

आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. फॉर्म भरायचा असो की टीव्हीची वायर जोडायची असो, आई सगळ्यांना सांगते, "तिला विचारा, ती शिकलीय." ग्राफिक्स कार्ड घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र मलाच कुणालातरी विचारावं लागलं, आणि ज्यांचा सल्ला उपयोगी पडला ते माझे बाबा चौथीपर्यंतच शिकलेले आहेत.

शिळफाट्यावर लग्नांचं शूटिंग करणारे एक काका आहेत. त्यांचं एडिटिंग मुंबईला जायचं आणि महिना महिना अडकायचं. मी घरच्या कॉम्प्युटरवर दोन बारशांचे व्हिडिओ जोडून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "एक लग्न देतो. नवरी पाचव्या दिवशी पाचपरतावनाला माहेरी येईल, तेव्हा पिक्चर टीव्हीवर लागला पाहिजे. लागला तर अख्खा सीझन तुझा. नाही लागला तर मुंबई आहेच."

मनापासून आवडणारं काम आपल्याच गावात राहून करायला मिळणार होतं. पण माझा कॉलेजच्या दिवसांत घेतलेला कॉम्प्युटर दोन कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र लावलं की थिजायचा. चित्रांचं जड काम वेगळं उचलणारं ग्राफिक्स कार्ड त्यात बसवल्याशिवाय पाच दिवसांत काही होणार नव्हतं.

कोणतं घ्यायचं? इंटरनेटवरचे सगळे जाणकार गेमबद्दलच बोलत होते. बंदुकीची गोळी किती झरझर दिसते हे सांगणारे शंभर होते, हळदीच्या पिवळ्या रंगाबद्दल बोलणारा एकही नव्हता. आठवडाभर वहीत आकडे उतरवून मी पार गोंधळून गेले.

बाबा माथेरानला, गाड्या जिथं थांबतात त्या दस्तुरीपासून वर सामान वाहून नेणारे घोडे हाकतात. मालकाला नवा घोडा घ्यायचा असला की पारख करायला त्यांनाच नेतात. माझी वही बघून ते म्हणाले, "रिकामा घोडा सगळ्यांचाच नाचतो गं. आपलं वझं त्याच्या पाठीवर टाकायचं आन चढावर न्यायचा. तितं काय करतो त्ये बघायचं."

"आणि दुकानदार असं करून बघायला नाही म्हणाला तर?"

"मंग घोडा लंगडा हाय, आन त्याला त्ये ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरचा डबा तांदळाच्या गोणीत घातला आणि एसटीत मांडीवर घेऊन पनवेल गाठलं. कंडक्टरने विचारलं, "काय ताई, कोंबड्या?" दुकानातले दोघे तर गोणी बघून हसतच सुटले. "पेशंटला ॲडमिट करायचंय का?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "हो. आणि औषध लागू पडतं की नाही ते इथंच बघून जाणार."

माझं ओझं पेनड्राइव्हमध्ये होतं. काकांनी दिलेलं जुन्या एका लग्नातलं तीन मिनिटांचं चित्रण, दोन्ही कॅमेऱ्यांचं, तेही अक्षता पडतानाचं. हवेत हजारो दाणे, मागे बँडवाल्यांचे झगमगते डगले, आणि दोनशे माणसांचे हात एकाच वेळी वर. माझ्याकडे याहून जड काही नव्हतं.

दुकानदाराने आधी रंगीत दिवे लागणारं, तीन पंख्यांचं कार्ड पुढे केलं. "पोरं यावर तुटून पडतात." त्याने ते माझ्या डब्यात बसवलं. दिवे सुंदर लागले. अक्षता उडाल्या आणि तिथेच अडकल्या. मग त्याने खालच्या फळीवरून एक साधं, काळं, बिनदिव्याचं कार्ड काढलं. ते नव्या पिढीचं होतं आणि त्याची मेमरी जास्त होती. अक्षता उडाल्या, नवरा-नवरीच्या डोक्यावर पडल्या, खाली घरंगळल्या. कुठे खंड नाही. मी तेच घेतलं. आता दुकानात कुणी हसत नव्हतं. उलट पेशंटवाल्यानेच गोणीचं तोंड बांधून दिलं.

घरी आईने डब्यासाठी कव्हर शिवून ठेवलं होतं, तिच्या लग्नातल्या शालूच्या काठाचं. पुढे बटणापुरतं भोक, मागे वायरींसाठी फट. बाबांच्या कपड्यांवरून येणारी माथेरानची तांबडी धूळ आत जाऊ नये म्हणून. मला ते इतकं आवडलं की मी डबा त्याच्यासकट वापरायला लागले.

लग्न झालं. काकांनी चित्रण आणून दिलं आणि तीन दिवस कार्ड वाऱ्यासारखं धावलं. चौथ्या दिवशी दुपारी सगळे तुकडे जोडून एक सलग फिल्म तयार करायला लावली, आणि मशीन रखडू लागलं. मग स्क्रीनच काळी झाली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळी. मला रडू फुटलं. शिकलेली पोर गोणी घेऊन गेली आणि फसून आली, असंच आता सगळे म्हणणार, असं वाटलं.

बाबा त्याच वेळी घरी आले. काही न विचारता त्यांनी डब्यावर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा.

"तापलाय गं ह्यो. श्वास कोंडलाय त्याचा." मग कव्हरकडे बघून आईला म्हणाले, "चढावर कुनी झूल घालतं का? झूल मिरवनुकीला."

"मी काय घोडं हाकलंय का कवा?" आई म्हणाली, पण कव्हर तिनेच ओढून काढलं.

यंत्राला हवा लागते हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. डबा निवू दिला आणि पुन्हा सुरू केलं. दिवेलागणीच्या आत फिल्म तयार झाली.

पाचव्या दिवशी नवरीच्या माहेरी ओटीपासून आतपर्यंत माणसं दाटली होती. अक्षतांचा भाग आला तेव्हा नवरीची आई पदराला हात पुसत पुढे आली. लग्नघटकेला ती पाहुण्यांच्या जेवणाचं बघत होती, पोरीच्या डोक्यावर पडलेल्या अक्षता तिने पाहिल्याच नव्हत्या. "परत लाव गं बाय," ती म्हणाली. चार वेळा लावलं. काकांनी तिथेच खिशातून पुढच्या तीन लग्नांच्या पत्रिका काढून माझ्या हातात दिल्या.

घरी येऊन त्या मी डब्यावर ठेवल्या. डबा बंद होता, गार होता. बाबांनी पत्रिका एकेक करून पाहिल्या आणि आईला हाक मारली.

"आन गं ती झूल. आता घाल."