प्रांतपाल येईपर्यंत

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर आम्ही समाजसेवा करायचो. म्हणजे आधी घंटा वाजायची, मग अध्यक्ष "सभा सुरू झाली असं मी जाहीर करतो" असं म्हणायचे, मग ज्याच्या कोटाला बिल्ला नाही त्याला दंड, मग भजी. भज्यांनंतर कुणाला काही आठवलंच, तर समाज.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी क्लबचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे पत्रं लिहायची, हॉल ठरवायचा आणि सगळ्यांची बोलणी खायची. घरचीही.

त्या हिवाळ्यात निधी जमवायला आम्ही एका लॉनवर रविवारी सकाळी मिसळ ठेवली. रस्सा काळ्या मसाल्याचा की लाल, यावर तीन गुरुवार गेले. नाशिकच्या माणसाला मिसळीवर बोलू नका म्हणणं म्हणजे अवघडच. पण तिकिटं खपली, लोक रांगा लावून जेवले आणि पैसे जमले. काय करायचं ते मीच सुचवलं. फूलबाजाराच्या कोपऱ्यावर एक बाई गजरे विकायची. तिचे दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. तिची दहावीतली मुलगी तिला बेअरिंगची चाकं लावलेल्या फळीवर बसवून, दोरीनं ओढत, रोज पहाटे पेठ रोडवरच्या वस्तीतून बाजारात आणायची आणि दुपारी परत न्यायला यायची. त्यामुळे मधल्या सुट्टीनंतर पोरगी शाळेत नसायचीच. बाईला हातानं चालवायची तीनचाकी सायकल मिळाली, तर पोरगी निदान दहावीपुरती मोकळी होईल, एवढा साधा हिशेब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जानेवारीत सायकल आली. निळी, चकचकीत. माझं घर पेठ रोडलाच, अंगण मोठं, म्हणून ती माझ्याकडे ठेवली. मी म्हटलं, उद्याच देऊन टाकू.

"देऊन टाकू?" अध्यक्ष असे दचकले, की जणू मी सायकल भंगारात घालायला निघालो होतो. "अहो सेक्रेटरी, अर्पण सोहळा नको? प्रांतपालांच्या हस्ते द्यायची."

प्रांतपाल म्हणजे आसपासच्या सगळ्या क्लबांचे वरिष्ठ. वर्षाच्या शेवटी उत्तम क्लबाचा फिरता करंडक तेच द्यायचे, आणि त्यासाठी त्यांच्या हस्ते काहीतरी दिल्याचा फोटो अहवालात लागायचा. झालं! सायकलीवर प्लास्टिक आलं, प्लास्टिकवर लाल रिबीन आली, आणि आम्ही प्रांतपालांची वाट बघत बसलो.

फेब्रुवारीतली पहिली तारीख त्यांच्या भाचीच्या लग्नात गेली. दुसऱ्या तारखेला त्यांचा घसा बसला. प्रत्येक गुरुवारी मी उभा राहून विचारायचो, सायकलीचं काय? आणि प्रत्येक गुरुवारी चर्चा बॅनरवर जायची. बॅनरवर अध्यक्षांचा फोटो प्रांतपालांएवढाच घ्यायचा की लहान? शाल द्यायची की फेटा बांधायचा? एकदा माझा तोल सुटला. "अहो, डोंबलाची सेवा ही! पोरीची परीक्षा आलीय मार्चमध्ये!" असं ओरडलो. सभेत आवाज चढवला म्हणून मला दंड झाला. दंडाची पेटी फिरवणारा आमचा मेंबर हसत हसत म्हणाला, "सेक्रेटरी, पेटीला तुमचा फार आधार आहे." सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो आणि खाली बसलो.

घरी बायको वेगळीच तापलेली. कपडे वाळत घालायला जाताना रोज त्या सायकलीला अडखळायची. "ज्याची वस्तू त्याला द्यायला तुम्हाला मुहूर्त लागतो होय?" म्हणायची. मी तिला क्लबाची शिस्त समजावून सांगायचो. कपाळ माझं!

शेवटी मार्चमधली तारीख आली. प्रांतपाल त्र्यंबकेश्वरला अभिषेकाला येणार होते, जाता जाता आमचंही उरकणार होते. दिवस निघाला पोरीच्या बीजगणिताच्या पेपरचा. मी सभेत तसं सांगितलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "पेपर अकराला आहे ना? कार्यक्रम साडेनऊला. दहाला मोकळी होईल ती. फोटोत मुलगीही हवी, चांगलं दिसतं." मी मान डोलावली.

आणि त्या सकाळी आमच्या अकलेचा खरा नमुना दिसला. बाईला आम्ही छापील निमंत्रणपत्रिका पाठवली होती, वेळेवर उपस्थित राहावे म्हणून. उपस्थित राहायला तिच्याकडे काय होतं? तिची सायकल स्टेजवर, रिबिनीत. तेव्हा पोरगीच शाळेच्या गणवेशात, कंपासपेटी खांद्याच्या पिशवीत, आईला फळीवरून ओढत गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, पूल ओलांडून कॉलेज रोडवरच्या हॉलपर्यंत घेऊन आली. स्टेजला पाच पायऱ्या होत्या, त्या कुणाच्या डोक्यातच आल्या नव्हत्या. आमच्यातल्या दोघांनी बाईला उचलून वर ठेवलं. ती संकोचानं पदर सावरत राहिली.

दहा वाजले. साडेदहा वाजले. प्रांतपालांचा अभिषेक लांबला होता. मी फाटकाशी गुच्छ घेऊन उभा. आत आलो तेव्हा पावणेअकरा होऊन गेले होते आणि पोरगी स्टेजच्या कडेला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. अध्यक्ष तिला म्हणत होते, "पाचच मिनिटं बेटा, साहेब निघालेत." ती बिचारी नाही कसं म्हणणार?

मी गुच्छ खुर्चीवर टाकला, तिला हाताला धरून बाहेर काढली आणि स्कूटरला किक मारली. मागून अध्यक्ष ओरडत होते, "सेक्रेटरी, अहो कुठे चाललात? साहेब आले तर?" येऊ दे नाहीतर जाऊ दे, मी म्हटलं. स्कूटर चौथ्या किकला सुरू झाली. सेंटर पंचवटीत होतं आणि पुलावर बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सगळं अडकलेलं.

पुलावर थांबल्यावर पोरगी मागून म्हणाली, "काका, ती सायकल तुमच्या अंगणात होती ना?"

"तुला कसं माहीत?"

"रोज पहाटे आईला नेताना दिसायची. तुमच्या दिव्याखाली. प्लास्टिक घातलेली, निळी." मग म्हणाली, "आई म्हणायची, कुणा मोठ्या माणसाची असंल."

मला मागे वळून बघता आलं नाही. दोन महिने ती पोरगी माझ्या फाटकासमोरून दोरी ओढत जात होती, आणि मी आत पांघरूण घेऊन झोपलेलो. फाटकाची किल्ली माझ्याच खिशात होती. अध्यक्षांच्या नव्हे, प्रांतपालांच्या नव्हे.

सेंटरवर पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. वर्गावरच्या पर्यवेक्षक बाईंनी रागावून का होईना, तिला आत घेतलं.

पुढच्या गुरुवारी वरिष्ठ येण्याआधी कार्यक्रम सोडला म्हणून मला दंड झाला. मी भरला. मी नसताना प्रांतपालांच्या हस्ते सायकल दिली गेली होती, फोटोही निघाला होता; करंडक आम्हालाच मिळाला.

जूनमध्ये निकालानंतर मी फूलबाजारात गेलो. बाई सायकलीवर बसूनच गजरे विकत होती. मी घाबरतच विचारलं.

"समदं निघालं साहेब, त्ये बीजगणित तेवढं राहिलं. उशीर झाला म्हनून शेवटची गनितं सुटलीच न्हाईत म्हनं. ऑक्टोबरला बसंल परत." तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं दोन गजरे पानात गुंडाळून माझ्या हातात दिले. मी पैसे काढले तर मान हलवली.

"नाय नाय. तुमच्याकडून कसं घेऊ? तुमच्यामुळंच तर सायकल भेटली."

मी पैसे तिच्या टोपलीत टाकले. तिनं ते उचलले आणि परत माझ्या हातात ठेवले.